आक्काचा डावा पाय

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. सायकलवाल्या मित्रांना तर नाहीच — त्यांच्यात मी जुन्या सायकलींचा मोठा जाणकार म्हणून मिरवतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल कदाचित — तुमच्यापाशी बोलतोय.

आक्का माझी थोरली बहीण. मेव्हणे गेल्यापासून कोरेगावात एकटी राहायची. अंगणवाडीची सगळी नोकरी तिनं एकाच लेडीज सायकलीवर केली. लहानपणी मला मागं बसवून शाळेत सोडलं, तेही तिच्यावरच. निवृत्तीनंतर बाजार, मळा, पलीकडच्या गावची मैत्रीण — सगळीकडं सायकल. 'कुणाच्या गाडीची वाट बगत बसायला न्हाई जमत मला,' म्हणायची.

ती कुरकुरायला लागली तेव्हा मी तिला माझ्या घरी, सांगलीला विश्रामबागेत घेऊन आलो. सायकलीला म्हणजे. नव्यासारखी करायची आणि भाऊबिजेला ओवाळणी म्हणून द्यायची, असं मनात होतं. असल्या जुन्या सायकलीत पायडलचा दांडा एका लोखंडी पिनेनं धरलेला असतो, तिला कॉटर म्हणतात. गंजलेली कॉटर ठोकायची नसते — प्रेस नावाचं हत्यार लावून, हळूहळू दाबून काढायची असते. मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. पण प्रेस माधवनगरच्या मित्राकडं, आणि मित्र दिवाळीला गावी गेलेला. 'येतोय मी, तोवर हात लावू नकोस,' त्यानं फोनवर बजावलं. भाऊबीज कुठं थांबणार होती?

मी हातोडी घेतली. उजवी पिन निघाली. डावी वाकली, चेपली, कशीबशी बाहेर आली. तिच्या जागी दुसरी पिन कानशीनं घासून अंदाजानं बसवली. उजवं पायडल सरळ वर असलं की डावं सरळ खाली हवं — ते जरा पुढंच राहत होतं. मला दिसलं. नीट दिसलं. आणि मी — सायकल पुसून तिचे फोटो काढले.

भाऊबिजेला कोरेगावात आक्कानं आधी मला ओवाळलं, मग सायकलीला हळदकुंकू लावलं. एक फेरी मारून आली आणि उतरून म्हणाली, 'सुऱ्या, डावा पाय कसातरीच पडतुय रं. सायकल लंगडतीया व्हय?'

शेजारीपाजारी जमलेले. सगळे माझं कौतुक करत होते. मी हसत म्हणालो, 'सायकलीला काय धाड भरलीय, आक्का? गुडघा गेलाय तुजा. वय बग की!'

सगळे हसले. तीही हसली.

आणि तिनं ते खरं मानलं — हेच माझं काळीज कुरतडतं. तेल चोळलं, पट्टा बांधला, साताऱ्याच्या डॉक्टरांना दाखवलं. गुडघ्यात विशेष काही नाही, असं ते म्हणाले. पण तिचा विश्वास माझ्यावर. हळूहळू तिनं सायकल सोडली. मळ्यात जायला पुतण्याची मनधरणी करायची. मैत्रिणीकडं जाणं तर बंदच झालं. एकदा फोनवर म्हणाली, 'तू येवड्या मायेनं केलीस, आन् माजाच पाय दगा देतुय. रागवू नगंस बरं का.' मी काय म्हणालो असेन? काळजी घे, म्हणालो.

तोवर मित्राकडचा प्रेस माझ्या कपाटात येऊन पडला होता. एका दुपारचं काम. गुपचूपही करता आलं असतं — पण मग पाय एकाएकी बरा कसा झाला, असं तिनं विचारलं असतं. मी तेवढ्याला भ्यालो. एवढ्याशा गोष्टीला.

गेल्या उन्हाळ्यात आक्का गेली. दिवस झाल्यावर मी सायकल घरी आणली. प्रेस लावला, पान्ह्यानं आवळत गेलो, आणि पिन अलगद बाहेर आली. नवी पिन नीट बसवली. मग गल्लीत एक फेरी मारली. दोन्ही पायडलं एकसारखी फिरत होती, आणि मला रस्ता दिसेना, इतकं रडू आलं.

आक्काचा पाय शेवटपर्यंत धड होता. मला ते माहीत होतं. तिला नव्हतं.