चूलबंद आमंत्रण

शाळेत पीटी शिकवण्यात माझी तीस वर्षं गेली, आणि त्यातली निम्मी खुर्च्या मांडण्यात गेली. गॅदरिंग, बक्षीस समारंभ, कुणाचा तरी सत्कार, काहीही असो, खुर्च्या पीटीच्या बाईंनी मांडायच्या हा आमच्या शाळेचा अलिखित नियम. त्यामुळे मोकळ्या खुर्चीची मला कायमची धास्ती बसली. निवृत्त झाल्यावर आता कुठे ती भीती गेली असं वाटत होतं, तोवर फोन आला.

फोन माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा होता. अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या मागच्या वस्तीतली पोर. वडील यंत्रमागावर, आई घरी कडक भाकरी करून विकणारी. सहावीत असताना हिने माझ्या पायावर इतक्या जोरात चेंडू मारला होता, की मी आधी तिच्या पाठीत धपाटा घातला आणि मग तिला संघात घेतलं. आता ती भारताच्या महिला फुटबॉल संघात डाव्या बाजूची बचावपटू होती. शेजारच्या देशाच्या संघाशी त्यांचा मैत्रीपूर्ण सामना ठरत होता. म्हणजे कप नाही, गुण नाहीत, नुसता सराव. आणि या वेळी मोठ्या शहराऐवजी एखाद्या नव्या गावात खेळायचं त्यांच्या वरिष्ठांच्या मनात होतं. हिने सोलापूरचं नाव सुचवलं होतं.

"बाई, मागच्या मॅचला चाळीस माणसं होती," ती म्हणाली. "त्यातले निम्मे आमच्याच हॉटेलातले. आपल्या गावात तसं झालं ना, तर मी परत तोंड दाखवायची न्हाय. आणि आईला आणा की कसंही. तिनं मला एकदा पण खेळताना बघितलेलं न्हाय."

मी म्हटलं, "तू ये. माणसं मी बघते." फोन ठेवला आणि डोळ्यांसमोर पुन्हा मोकळ्या खुर्च्या आल्या.

दिल्लीहून फुटबॉल महासंघाचे एक साहेब मैदान बघायला आले. बारीक, नीटनेटके, हातात कागदांची फाइल. गवत हवं, कुंपण हवं, दोन कपडे बदलायच्या खोल्या हव्यात, त्यात पाणी हवं, ॲम्ब्युलन्स उभी राहायला जागा हवी. मी त्यांना आधी गावातलं मोठं स्टेडियम दाखवलं. सगळं होतं तिथे. पण त्या रिकाम्या पायऱ्यांच्या रांगा बघितल्या आणि माझा जीव अर्धा झाला. इथे हजार माणसं आणली तरी ती चुकून आल्यासारखी दिसतील.

मग मी त्यांना एमआयडीसीच्या कडेचं एक जुनं मैदान दाखवलं. पूर्वी कामगारांचे सामने तिथे व्हायचे. एका बाजूला सिमेंटच्या सात पायऱ्या, बाकी तिन्ही बाजूंना मातीचा उतार. गवत बरं होतं, खोल्यांना रंग लावला की भागणार होतं. साहेब म्हणाले, हे लहान आहे. मी म्हटलं, वस्तीला लागून आहे, लोक चालत येतील. हे खरंच होतं, पण खरं कारण ते नव्हतं. लहान मैदान लवकर भरतं, एवढाच माझा हिशोब होता. मी मैदान निवडलं नाही, मी माझ्या भीतीला बसेल असं माप निवडलं. साहेबांनी शेवटी होकार दिला आणि तारीख आम्ही त्या भागातल्या कारखान्यांच्या सुट्टीच्या वारावर धरली.

आता राहिली माणसं. आम्ही पोस्टर लावली, रिक्षावर भोंगा फिरवला. लोक थांबून वाचायचे आणि विचारायचे, "क्रिकेट हाय का?" नाही म्हटलं की पुढचा प्रश्न, "मग कोण येणार हाय? आमदार?" मी वैतागून म्हणायचे, अहो, देशाचा संघ येतोय! त्यावर एक गृहस्थ माझी समजूत घालत म्हणाले, "येऊ की बाई. घरातनं एकजण येतोच आमच्या." घरातून एक. म्हणजे घरातला थोरला पुरुष, तोही चहाच्या वेळेपर्यंत. मुलींचा सामना आणि मुली घरी. माझं डोकंच फिरलं.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः वस्तीत गेले. एका ओट्यावर सात-आठ बाया मशिनवर टॉवेलच्या कडा शिवत बसल्या होत्या. मराठी, कानडी, तेलुगू, सगळं एकाच वेळी चाललेलं. मी सामन्याचं सांगितलं. एकीने मान वर न करता म्हटलं, "आमचं काय काम तितं? पोरं जातील." तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "पोरांनी एकट्यानं यायचं नाही. चूलबंद आमंत्रण आहे तुम्हाला!"

सगळ्या मशिन एकदम थांबल्या.

मी पंढरपूरजवळच्या करकंबची. लहानपणी हा शब्द रोज कानावर असायचा. आमच्याकडे कार्याचं आमंत्रण दोन तऱ्हांचं. एक माणशी, म्हणजे घरातल्या एकाने जाऊन हजेरी लावायची. दुसरं चूलबंद. त्यात म्हाताऱ्यापासून तान्ह्या पोरापर्यंत सगळं घर निघतं, मागे कुणी राहत नाही. त्याचा मान मोठा. गेली वीसेक वर्षं मला कुणी तसं बोलावलं नव्हतं, हल्ली पत्रिका मोबाइलवर येते. पण त्या बायांच्या तोंडावर जे दिसलं, ते कुठल्याही पोस्टरने होण्यासारखं नव्हतं. त्यातली सगळ्यांत म्हातारी बाई म्हणाली, "खरंच चूलबंद म्हणताय?"

"खरंच," मी म्हटलं.

"लई दिसांनी," ती म्हणाली आणि हातातला टॉवेल घडी करून बाजूला ठेवला.

मग मला चढलीच. घरी जाऊन वाटीत तांदूळ घेतले, कुंकू लावून अक्षता केल्या आणि चार दिवस गल्लीगल्लीत दारोदार फिरले. प्रत्येक उंबऱ्यावर अक्षता ठेवायच्या आणि सांगायचं, फुटबॉलचं चूलबंद आमंत्रण आहे बरं का. लोक आत बोलवायचे, पाणी द्यायचे. निवृत्तीनंतर इतका मान मला मिळाला नव्हता.

शेवटी विद्यार्थिनीच्या घरी गेले. तिची आई चुलीपुढे. या बाईला मी कधी दुसऱ्या जागी बघितलेलंच नाही. ज्वारीची पातळ भाकरी थापायची, भाजायची, मग आचेच्या कडेला उभी करून पापडासारखी कडक करायची. पुण्यापर्यंत माल जातो तिचा. शाळेच्या वेळी दर सामन्याला मी निरोप पाठवायचे आणि दर वेळी उत्तर एकच यायचं, चूल कोण बघणार? मला तेव्हा तिचा राग यायचा. पोरगी जिल्ह्यात खेळतेय, राज्यात खेळतेय, आणि आईला भाकरी सुटत नाही, म्हणजे काय!

मी उंबऱ्यावर अक्षता ठेवल्या आणि सांगितलं. तिचा हात परातीतच थांबला.

"चूलबंद?"

"हो."

"किती घरांस्नी सांगितलं, बाई?"

मी अभिमानाने सांगितलं, ही सगळी वस्ती, पलीकडच्या दोन गल्ल्या आणि कारखान्यांच्या खोल्या. तिने पिठाच्या बोटांवर काहीतरी मोजलं.

"तुम्ही याल ना?" मी म्हटलं. "पोरगी वाट बघतेय."

"बगू," ती म्हणाली आणि पुढची भाकरी थापायला लागली. मी मनात म्हटलं, झालं, हिचं उत्तर ठरलेलं.

सामना दुपारी चारला होता. दोनलाच लोक यायला लागले. सायकलवर मागे-पुढे पोरं, नवीन साड्या, इस्त्रीचे सदरे, एका हातगाडीवर गादी टाकून एक आजोबा. पायऱ्या भरल्या, उतार भरायला लागला. दिल्लीचे साहेब हसत होते. मी तर इतकी हुरळून गेले होते, की जो दिसेल त्याला नमस्कार करत होते. मग ती टॉवेल शिवणारी म्हातारी समोर आली. सोबत दोन सुना आणि पाच नातवंडं. तिच्या काखेत ताटं होती आणि हातात तांब्या.

"बाई, पंगत कुटं बसवायची हाय?"

मी आधी तिच्या ताटांकडे बघितलं. मग आजूबाजूला बघितलं. ताट, तांब्या, ताट, तांब्या. बहुतेक प्रत्येक घराकडे. गावजेवणाला आपापली ताटं घेऊन जायची आमची पद्धत, ती मला काय ठाऊक नव्हती? आणि चूलबंद म्हणजे काय, हेही मला पाठ होतं. सगळ्या घराने यायचं, कारण त्या दिवशी त्या घरात चूल पेटत नाही, कारण जेवायला घालायची जबाबदारी बोलावणाऱ्याची. मला त्यातला पहिला अर्धा भाग आठवला होता. दुसरा मी चार दिवस दारोदार अक्षता ठेवून विसरले होते.

सकाळपासून उपाशी असलेली पोरं माझ्यासमोर उभी होती आणि माझ्याकडे खेळाडूंसाठी आणलेली केळी सोडून काही नव्हतं.

साहेब जवळ आले. ताटं बघून खूश झाले. म्हणाले, "अच्छा, ये बजाने के लिए लाए हैं?"

"हो," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार? हे लोक आता उठून जातील. नुसते जाणार नाहीत, बाईंनी उपाशी ठेवलं म्हणत जातील, आणि पोरगी मैदानात येईल तेव्हा उतारावर नुसती चपलांची धूळ राहिलेली असेल. चाळीस माणसं परवडली असती. पळून जावं असं आयुष्यात मला पहिल्यांदा वाटलं, ते त्या फाटकापाशी.

तेवढ्यात फाटकातून एक छोटा टेम्पो आत आला. मागे पांढऱ्या कापडात बांधलेल्या भाकरींच्या चळती, एकावर एक. स्टीलचे डबे, कांद्यांची पोती, दह्याचे कॅन. भाकरीवाल्या चार बाया उभ्या होत्या, आणि चळतींना टेकून, पदर खोचून, पोरीची आई.

ती खाली उतरली आणि हळूच म्हणाली, म्हणजे कुणाला ऐकू जाऊ नये अशी, "बाई, ह्या भागात शंभर पानांचं जेवण असलं तरी भाकरी आमच्याकडंच सांगत्यात. तुमी एवढ्या घरांस्नी चूलबंद सांगितलं आन् आमच्याकडं कुनीच आलं न्हाय. तवाच मला कळलं, तुमची तयारी न्हाय."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"तुमी अक्षता ठिवून आला हुता. आता माघारी घ्यायला लावायच्या व्हय?" ती म्हणाली. "कडक भाकरी हाय, आठ दिस टिकती. त्या दिसापास्नं भाजतोय आमी पाचजणी. पुण्याचा माल ऱ्हायला हितंच."

मी तिचे दोन्ही हात धरले आणि भर मैदानात रडले. लाज वाटायला पाहिजे होती, पण सुटकाच एवढी मोठी होती, की लाजेला जागाच उरली नव्हती. उतारावर पंगती बसल्या. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही, बुक्कीने फोडलेला कांदा. म्हातारीने मला सुनावलंच, "गोड न्हाय केलं व्हय काय?" मी म्हटलं, पुढच्या वेळी. साडेतीनला साहेबांच्या हातातही अर्धी भाकरी होती आणि फाइल गवतावर पडली होती.

संघ मैदानात आला तेव्हा लोकांनी खरंच ताटं वाजवली. कुणी सांगितलं नव्हतं. रिकामी ताटं हातात होती, समोर गावची पोर होती, झालं. आमची डाव्या बाजूची बचावपटू पावलं टाकता टाकता थबकली आणि तिने चारी बाजूंना मान फिरवली. तिचा चेहरा मला एवढ्या लांबून दिसला नाही, पण तिने दोनदा बाहीने तोंड पुसलं हे दिसलं.

सामना बरोबरीत सुटला. फार देखणा होता असं मी म्हणणार नाही, बायकोचा हात धरून बघणाऱ्या नवऱ्यांना नियम समजावण्यातच माझा निम्मा वेळ गेला. पण एकही माणूस उठला नाही. पोरीची आई सगळ्यांत खालच्या पायरीवर बसली होती. कुणी तिच्या मुलीला धक्का मारला की ती अर्धी उठायची. बाकी वेळ दोन्ही हात मांडीवर, मोकळे. ते हात तसे बसलेले मी पहिल्यांदाच बघत होते, आणि मी त्या बाईवर इतकी वर्षं रागावले होते याचं मला फार वाईट वाटलं.

शिट्टी वाजल्यावर पोरगी आधी साहेबांकडे गेली नाही, माझ्याकडेही नाही. बूट काढून, नुसत्या मोज्यांनी धावत पायरीपाशी आली आणि आईसमोर उभी राहिली. घामाने निथळत होती. एवढ्या वर्षांनी आई मैदानावर दिसली तर काय बोलतं माणूस? तिने विचारलं, "आई, चूल?"

"बंद हाय," आई म्हणाली. "बाईंनी चूलबंद सांगितलं हुतं की." आणि पदराखाली वेगळी बांधून ठेवलेली भाकरी तिने मुलीच्या हातात दिली.