मदत न करण्याचा कोर्स

आमच्या मजल्यावर धाकू कांबळी राहतो, त्यामुळे आमच्या मजल्यावर कुणालाही स्वतःची पिशवी स्वतः उचलून घरात नेता येत नाही. लिफ्टचं दार पुरतं उघडायच्या आत धाकू समोर उभा. "द्या इकडे." दिली नाही तर ओढून घेतो. मुलुंड पूर्वेच्या या इमारतीत आम्ही दोघं एकाच वर्षी राहायला आलो. तो माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, पण कॅरमच्या बोर्डावर आम्ही अरेतुरेवर आलो ते तिथेच राहिलो. कॅरम खेळतानासुद्धा तो मला माझी सोंगटी कुठल्या कोनातून मारायची ते दाखवतो आणि मग स्वतः हरला की खूश होतो. अशा माणसाशी खेळायचं तरी कसं?

याचं मूळ त्याच्या नोकरीत आहे. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली आणि धाकू घाटकोपरला एका विमा कंपनीच्या कॅन्टीनला लागला. तिथे त्याने एकतीस वर्षं चहा दिला. नुसता दिला नाही, मागायच्या आत दिला. कुठल्या साहेबाची साखर डॉक्टरने बंद केली हे साहेबाच्या बायकोआधी धाकूला कळायचं. "एकतीस वर्षांत कुणाला 'चहा आण' म्हणायची पाळी आली नाही," हे तो अशा आवाजात सांगतो की ऐकणाऱ्याने उठून उभंच राहावं.

तो निवृत्त झाला आणि वर्षभरात प्रेमावहिनींना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला. बोलणं वाचलं, पण मंदावलं. एकेक शब्द वजन करून बाहेर यायचा. त्या हॉस्पिटलमधून घरी आल्या आणि धाकूने कॅन्टीनचा सगळा अनुभव बायकोवर ओतला. तहान लागायच्या आत पाणी. कूस बदलावीशी वाटायच्या आत कूस. तो घास भरवी, तोंड पुसे, वेणीसुद्धा घाली. ती वेणी पतंगाच्या गुंतलेल्या मांज्यासारखी दिसे, पण घाली. डॉक्टर विचारत, "प्रेमाताई, कसं वाटतंय?" आणि धाकू सांगे, "बरं वाटतंय, झोप लागते, पोट साफ आहे." प्रेमाताई कोण हे डॉक्टरांना दरवेळी नव्याने शोधावं लागे.

आमची इमारतही मागे नव्हती. खालच्या शकुमावशी सकाळी पेज घेऊन येत, दुपारी कुणी ना कुणी उशा सारखी करायला. मी पेपर वाचून दाखवायचो, त्यांना नको असताना. आम्ही सगळ्यांनी मिळून त्या बाईला मायेने असं काही गुंडाळलं की सात महिन्यांत त्या पलंगावरून खुर्चीतही स्वतःहून बसल्या नाहीत.

आणि ही बाई कोण होती म्हणता? मासळी बाजारात त्या शिरल्या की कोळणी पदर सावरून बसत. अर्धी इमारत मासे आणायचं त्यांच्यावर सोपवून निर्धास्त असे. कल्ला उचलून बघायचा, पोटावर बोट दाबायचं, एक शब्द न बोलता पुढे चालू लागायचं आणि मागून हाक आली की मगच वळायचं, हा सगळा सोहळा मी डोळ्यांनी पाहिलेला आहे.

आता मासे धाकू आणी. एका दुपारी मी तिथेच होतो. त्याने पिशवी उघडून बायकोपुढे धरली. वहिनींनी आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"ह्यो बांगडो नाय," त्या म्हणाल्या. थांबल्या. "बांगड्याचो आजो आसा."

आम्ही दोघं खो खो हसलो. त्या हसल्या नाहीत. भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "माका जावक होया. बाजारात. माझ्या पायान."

"जाऊया गो. बरी झालंस की जाऊया," धाकू म्हणाला, आणि त्यांची चादर सारखी केली. ती आधीच सारखी होती. त्या दिवसापासून त्यांनी मासे खायचं सोडलं. मालवणकडच्या बाईने मासे सोडणं म्हणजे काय, हे ज्यांना कळत नाही त्यांना मी समजावू शकत नाही.

त्यांची मुलगी दीप्ती कांदिवलीला राहते. तिने कुठल्याशा संस्थेच्या प्रशिक्षण वर्गात बापाचं नाव परस्पर घालून टाकलं. घरच्या रुग्णाची काळजी कशी घ्यावी, आठ आठवडे, दर शनिवारी, आमच्या जवळच्याच शाळेच्या हॉलमध्ये.

"मला शिकवणार? सेवा?" धाकू भडकला. "त्यांना म्हणावं, तुम्ही या माझ्याकडे शिकायला!"

मीही त्याचीच री ओढली. प्रशिक्षण या शब्दाची मला ऑफिसातल्या अनुभवाने धास्ती आहे. तिथे एकदा आम्हा पन्नाशीच्या कारकुनांना डोळे मिटून आपण झाड आहोत असं समजायला लावलं होतं. दोघं घोरले. पण दीप्ती बापाच्या वरची. "बाबा, तुम्ही जाताय. आईपाशी मी बसते," एवढं बोलून तिने फोन ठेवला.

वर्गात बावीस बायका आणि एक धाकू. शिकवणारी ऋता मॅडम बोरिवलीहून यायची. फिजिओथेरपी शिकलेली, तिशीही न गाठलेली, आवाज हळू आणि नजर शाळेच्या हेडबाईंची. पहिल्या दिवशी ती ओळख करून देत असताना धाकू मागच्या मागे सटकला आणि शाळेच्या शिपायाकडून स्टोव्ह मिळवून तेवीस कप चहा करून घेऊन आला.

"कांबळीकाका, चहा कुणी मागितला?"

"मागायची पाळी येऊ देत नाही मी," धाकू अभिमानाने म्हणाला.

"हं," म्हणत तिने वहीत काहीतरी लिहिलं.

दुसऱ्या शनिवारी तिने धाकूलाच रुग्ण केलं. उजवा हात ओढणीने अंगाशी बांधला, खुर्चीत बसवलं आणि चार बायकांना सांगितलं, "घ्या काळजी." त्या बायकाही आपापल्या घरी कुणा ना कुणाचं करून तयार झालेल्या. एकीने केळं सोलून तोंडात कोंबलं. दुसरीने ते गिळायच्या आत पाणी लावलं. तिसरी भांग पाडू लागली, उलट्या बाजूला. चौथीने चष्मा काढून पुसला आणि पुसतच राहिली, म्हणजे धाकू आंधळाही झाला. ऋताने विचारलं, "काका, कसं वाटतंय?" आणि केळंवाली म्हणाली, "छान वाटतंय त्यांना!"

"अहो बाई, मला विचारा तरी!" धाकू ओरडला. तोंडातलं केळं सगळ्यांनी पाहिलं.

बायका हसून हसून लोळल्या. धाकू मात्र ओढणी सोडल्यावरही तसाच बसून राहिला, हात अंगाशी धरून. हे त्याने मला संध्याकाळी कॅरम खेळताना सांगितलं. "सात महिने रे," तो म्हणाला. "सात महिने मी तिला केळं कोंबतोय."

त्या दिवशी प्रथमच त्याने मला सोंगटी कुठून मारायची ते दाखवलं नाही. मी हरलो.

ऋताचा धडा तसा सोपा होता. आधी विचारायचं, मग थांबायचं. मनात दहापर्यंत मोजायचं. रुग्ण पडत असेल किंवा त्याने हात मागितला तरच हात द्यायचा. बाकी पलंगावरून उठताना पाय कुठे टेकवायचे, काठी कुठल्या हातात धरायची, हे सगळं होतंच. पण धाकूला सगळ्यात जड गेलं ते थांबणं. त्याचे हात आपोआप पुढे जात. "खिशात घाला," ऋता म्हणाली. घरी लेंग्याला खिसा नाही. मग तो दोन्ही हातांत दोन उशा धरून उभा राहू लागला.

पाहणाऱ्याला हे भयंकर दिसे. वहिनी घाम गाळत पलंगाच्या कडेला येण्यासाठी झगडताहेत, आणि नवरा समोर दोन उशा घेऊन पुतळ्यासारखा उभा, ओठांत आकडे मोजतोय! शकुमावशी पेज घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या.

"काय रे धाकू, लाज आहे की विकलीस? बायको मरतेय आणि तू तमाशा बघतोस?"

"मावशी, हात लावू नका. शिकवलंय तसं."

"असलं शिकवणारीला दाखव मला एकदा!" पेज तिथेच टेकवून मावशी तरातरा निघून गेल्या. आठवडाभर इमारतीत चर्चा एकच. कोर्स करून धाकूचं डोकं फिरलं. खरं सांगतो, त्या चर्चेत मीही होतो. मग एके सकाळी माझ्या डोळ्यांदेखत वहिनी उठून खुर्चीत बसल्या, एकट्या. दम खाल्ला आणि म्हणाल्या, "पेपर होयो. तुम्ही वाचू नकात. माका देवा." तेव्हा मी चर्चेतून राजीनामा दिला.

कोर्सच्या शेवटी परीक्षा होती, आणि ती रुग्णाच्या घरी. रुग्णाने स्वतःच्या आवडीचं एक काम निवडायचं आणि करायचं. काळजी घेणाऱ्याने सोबत राहायचं, वर सांगितलेल्या नियमाने. कुणी देवाला फूल वाहणं निवडलं, कुणी फोन लावणं. ऋताने वहिनींना विचारलं. धाकूने तोंड उघडलं, मिटलं, आणि मनात मोजू लागला. आठाला उत्तर आलं.

"मासे आणूक जातलंय."

धाकूचा चेहरा पांढरा पडला. पण काम निवडायचा हक्क त्याचा नव्हता.

रविवारी सकाळी आमची वरात निघाली. पुढे वहिनी, डाव्या हातात काठी. दोन पावलं मागे धाकू, एका हातात घडीचं स्टूल, दुसऱ्यात मासळीची पिशवी, म्हणजे दोन्ही हात अडकलेले. मागे वही घेऊन ऋता. तिच्यामागे मी, कारण घरी राहवलं नसतं. सहा मिनिटांचा रस्ता. आम्हाला चाळीस लागली. दोनदा वहिनी स्टुलावर बसल्या, दोन्ही वेळा स्वतः सांगून. रस्त्याने जो तो धाकूला सुनावत होता. "ओ काका, धरा ना बाईला!" एका रिक्षावाल्याने तर रिक्षा थांबवून व्याख्यान दिलं. धाकू दात आवळून चालत होता. गेली सात-आठ वर्षं मी त्याला ओळखतो म्हणायचो, पण हा माणूस मला त्या सकाळी दिसला. मदत करणं त्याला श्वासाइतकं सोपं होतं आणि तो चाळीस मिनिटं श्वास रोखून चालत होता.

बाजाराच्या दाराशी मात्र घोटाळा झाला. ऋता जन्माची शाकाहारी. मासळी बाजारात जमीन कशी असते, हे तिला कुठल्या पुस्तकात भेटलं नव्हतं. बर्फाचं पाणी, खवले, गुळगुळीत लाद्या. पहिल्याच ओल्या लादीवर काठीचं टोक सर्रकन सरकलं. वहिनी डोलल्या. ऋताच्या हातून पेन पडलं. धाकूने स्टूल टाकलं, पाऊल पुढे टाकलं, हात वहिनींच्या दंडापासून वीतभर अंतरावर नेला आणि तिथेच थांबवला. वहिनींनी दाराच्या चौकटीला पाठ टेकली होती. त्या पडत नव्हत्या.

"हात देऊ काय गो?" त्याने विचारलं. त्याचे ओठ हलताना मी पाहिले. एक, दोन, तीन.

वहिनींनी आधी लाद्यांकडे पाहिलं आणि मग समोर, चौथ्या ओट्यावरच्या माणिक कोळणीकडे. सात, आठ.

"नको," त्या म्हणाल्या. मग मान उंच करून, जेवढा होता तेवढा आवाज लावून, "माणिक! पाटी हय घेवन ये."

माणिकने वर पाहिलं. हातातला कोयता खाली ठेवला. "अगं बाय माझी! वहिनी तुम्ही?" असं म्हणत ती आख्खी पाटी डोक्यावर घेऊन दाराशी आली. मागून गिऱ्हाईक ओरडत होतं, तिने ऐकलं नाही. धाकूने स्टूल उचलून पुढे केलं आणि नजरेने विचारलं. वहिनी बसल्या. डाव्या हाताच्या बोटाने पहिल्या बांगड्याचा कल्ला उचलला, पाहिला, आणि बांगडा पाटीत परत टाकला. दुसरा परत. तिसऱ्याच्या पोटावर बोट दाबलं.

"वहिनी, काल रात्रीचाच हा, तुमची शप्पथ!"

"माझी कशाक?" वहिनी म्हणाल्या. "तुझी घे."

माणिक एवढी हसली की पाटी हलली. ऋता धाकूकडे वळून हळूच म्हणाली, "काका, लादी कोरडी करून घ्यायची, नाहीतर जागाच बदलायची, हे मला सुचायला हवं होतं. त्यांना सुचलं." तिने पेन उचलून वहीत लिहिलं. काय लिहिलं ते धाकूने विचारलंही नाही. तो बायकोकडे बघत होता.

मासे माणिकनेच साफ करून दिले. घरी आल्यावर वहिनी अर्धा तास आडव्या झाल्या, मग उठून काठी टेकत स्वयंपाकघरात गेल्या आणि धाकूला बाहेर काढलं. तो गॅलरीत माझ्याशेजारी येऊन बसला. आत डब्यांची झाकणं वाजत होती. मग काहीतरी धाडकन पडलं आणि गोल फिरत, खणखणत राहिलं.

शकुमावशी जिन्यातून धावत वर आल्या. "काय पडलं? धाकू, बघ की रे आत जाऊन!"

धाकू अर्धवट उठला होता. पुन्हा बसला. "टोप असेल," तो म्हणाला. "लागलं तर हाक मारेल ती."

मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मीही कान लावून बसलो. आतून हाक आली नाही. थोड्या वेळाने तिरफळ घातलेल्या बांगड्याच्या तिखल्याचा वास गॅलरीपर्यंत आला, आणि मावशी खुर्ची ओढून आमच्यात येऊन बसल्या.