तारेबाहेरची तूर

दर्यापूरच्या काळ्या जमिनीत दरवर्षी तूर पिकवणारा आणि स्वतःच्या ताटात मात्र तुरीचं वरण न घेणारा माणूस मी एकच पाहिला. ते माझे मामा. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. लग्नाच्या पंगतीत वाढपी त्यांच्यापाशी येऊन थबकायचा, तेव्हा मामी लांबूनच म्हणायच्या, "त्यायले नको वाढू बाप्पा, त्यायचं तुरीशी भांडन हाये." मामा हसून कढी मागून घ्यायचे.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत ते शांतिसेनेबरोबर काँगोला होते. तिथली लढाई ते जायच्या कितीतरी आधी सुरू झाली होती आणि ते परतल्यावरही चालूच राहिली. पेपरात त्या देशाचं नाव आलं की ते ती बातमी दोनदा वाचत आणि पेपराची घडी घालून बाजूला ठेवत.

मी अमरावतीच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो. मामा एकदा डोळे तपासायला आले होते. दवाखान्यातून त्यांना सरळ वर्गातच घेऊन गेलो आणि ते काँगोला होते हे मुलांना सांगितलं. विषय नेमका तोच होता : न संपणाऱ्या युद्धात परकं सैन्य का थांबून राहतं. फळ्यावर मी कारणं लिहिली. खनिजं, शेजारी देशांचे स्वार्थ, माघारीची नामुष्की, मागे राहणारी पोकळी. मागच्या बाकावर मामांशेजारी बसलेल्या मुलीनं त्यांनाच विचारलं, "मंग काका, तुमी कावून थांबले तिथं?"

मामांनी सगळा फळा सावकाश वाचला.

"प्रोफेसरनं लिहिलं ते बराबर असन," ते म्हणाले. "मले येवढंच माईत का आमच्या चौकीच्या तारेबाहेर झोपड्या होत्या. आमी निंगालो तं मागून कोन येईन, हे कोनी सांगू शकत नोतं. म्हनून थांबलो. आन् आमी थांबलो म्हनून मोठ्या लोकायले तह कराची घाई नोती. मंग अजून थांबलो."

बाकीचं त्यांनी मला बसस्टँडवर सांगितलं, दर्यापूरच्या गाडीची वाट पाहताना. काँगोला निघताना मामींनी त्यांच्या पेटीत वाटीभर अख्खी तूर बांधून दिली होती. चौकीच्या तारेबाहेर एक पट्टी पडीक होती. ती पाहून त्यांना राहवेना, त्यांनी तिथं चार ओळी लावल्या. आसपासचं गाव तेव्हा जंगलात पळालेलं होतं. पाण्याला येणाऱ्या बाया थांबून ती रोपं बघायच्या. एकीनं दुभाष्याकडून विचारलं, हे पीक किती दिवसांचं? मामांनी बोटं दाखवली, सहा-सात महिने. त्यानंतर महिन्याभरात त्या बाया लेकराबाळांसह परत आल्या आणि तारेला लागून त्यांनी झोपड्या उभ्या केल्या.

"त्या बी शेतकरीच ना. पेरलं म्हनजे हा मानूस शेंगा खुडेपर्यंत तं रायते, असं त्यायनं धरलं. मी तसं बोललो नोतो. नुसतं पेरलं."

तूर फुलावर आली आणि चौकी हलवायचा हुकूम आला. ट्रक निघाले तेव्हा कुणी आडवं आलं नाही. एक म्हातारी त्या ओळींना पाणी घालत होती. तिनं मान वर केली नाही.

"हुकूम तं मानाच लागते," मामा म्हणाले. "पन पेराले मले कोनं सांगितलं होतं?"

गाडी लागली. चढण्याआधी त्यांनी माझ्या वहीत त्या गावाचं नाव लिहिलं. "तुले इंग्रजी येते, कॉम्प्युटर येते. ते लोक हायेत का नाई, येवढं पाहून सांगजो."

"पाहतो मामा," मी म्हणालो.

मी त्यांचं वर्गातलं बोलणं घेऊन एक लेख लिहिला. लेखाचं कौतुक झालं. वहीतलं ते पान मात्र मी उघडलं नाही. दर दिवाळीला मामा विचारायचे, "त्या गावाचं काई लागलं काय?" आणि मी म्हणायचो, "शोधून राहिलो." एरवी मी असं बोलत नाही. त्यांच्याशी खोटं बोलताना त्यांचीच भाषा तोंडात यायची. कामं होती, हे खरं. वाईट काही सापडलं तर ते त्यांना सांगावं लागेल, ही भीतीही होती.

शेवटच्या आजारात ते अकोल्याच्या दवाखान्यात होते. मामींनी माझ्यादेखत त्या गावाचा विषय काढला, तर त्यांनीच थांबवलं. "त्याले तरास नको देऊ. तो शोधून राहिला."

तेरावं झाल्यावर मी शोधायला बसलो. पाऊण तास लागला. मदतकार्याच्या एका अहवालात गावाचं नाव होतं. लोक आहेत, शाळा भरते, जवळच दुसऱ्या कुठल्या देशाच्या सैनिकांची चौकी आहे. युद्ध संपलेलं नाही. अहवाल जुना होता. मामांनी मला विचारलं त्याच वर्षीचा.

दर्यापूरला जाऊन मी मामींना सगळं वाचून दाखवलं. त्या तांदूळ निवडत होत्या. ऐकून घेतलं, सुपातले दोन खडे बाजूला काढले.

"बरं झालं बाप्पा, वाचले ते," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे पाहिलं. "पन हे मले कायले सांगून राहिला?"