साबणाच्या रेघेवर बेतलेला गाउन

इथले गूढ अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा मनात म्हणायचो – जागरण, ॲसिडिटी, दुसरं काय! मी इन्स्ट्रुमेंटेशनचा माणूस. रीडिंग विचित्र आलं की आधी सेन्सर तपासतो. म्हणून हे लिहायला दीड वर्ष लागलं. दुसरंही कारण आहे, ते ओघात येईलच.

आम्ही दोह्यात, अल थुमामाला राहतो. मी, बायको मंजिरी आणि मुलगी आर्या. तेव्हा ती चौदाची. शाळेच्या हिस्टरी एक्झिबिशनला तिने विषय घेतला होता – मध्ययुगाच्या अखेरीस युरोपातल्या बायका घालायच्या ते गाउन. नुसता चार्ट नाही, खराखुरा गाउन शिवून अंगावर घालायचा.

"कोणाचं मशीन मागून आणू का?" मी म्हटलं.

"बाबा, मशीन इज चीटिंग! तेव्हा सगळं हातानेच शिवायचे."

मग तिने मला समजावलं. त्याआधीचे कपडे म्हणजे चौकोन आणि त्रिकोण जोडून केलेले, ढगळ. पुढे तिकडचे टेलर कापड अंगाच्या वळणाने कापायला लागले. कमरेला जोड नाही. खांद्यापासून पायापर्यंत सलग तुकडे, घेरासाठी मध्ये कळ्या, पुढून नाडीने आवळायचं, आणि घट्ट बाह्यांना मनगटापासून कोपरापर्यंत बटणंच बटणं.

ती सांगत होती आणि मी नाशिकच्या एका दहा बाय आठच्या दुकानात जाऊन बसलो होतो...

माझे वडील, अण्णा, लेडीज टेलर होते. दहावीपर्यंत शाळा सुटली की मी त्यांच्याकडे काजं करायला बसायचो. कोळशाच्या इस्त्रीची ऊब, ओल्या कापडाचा वाफाळता वास. अण्णा टाचण्या ओठांत धरून बोलायचे, त्यामुळे त्यांचं वाक्य कायम अर्धंच बाहेर यायचं – "दोरा मेणावर ओढ, नाहीतर..." नाहीतर काय, ते कधीच कळलं नाही. तितकं निवांत मला नंतर कुठेही वाटलेलं नाही.

हे मी कतारमध्ये कोणालाच सांगितलं नव्हतं. आर्यालाही नाही. ती पाचची असताना अण्णा महिनाभर आमच्याकडे राहून गेले. अल वक्राला एकांकडे जेवायला गेलो होतो. त्या घरच्या वहिनींनी सहज विचारलं, "काका, तुम्ही काय करायचात?" अण्णांनी तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "टेक्स्टाइलमध्ये होते." अण्णा ताटाकडे बघत राहिले. येताना बॅगेत कात्री आणली होती त्यांनी, नातीला फ्रॉक शिवायला. "अण्णा, इथे सगळं रेडीमेड मिळतं," म्हणून मी तोही विषय खलास केला. कात्री तशीच परत गेली. वर्षभरात अण्णाही गेले.

तर तो शुक्रवार. दुपारचे बारा. मंजिरी क्लिनिकमध्ये ड्यूटीवर, आर्या मैत्रिणीकडे. निदान कापून तरी देऊ म्हणून सूकमधून, म्हणजे इथल्या बाजारातून आणलेलं गडद निळं लोकरी कापड डायनिंग टेबलवर पसरून मी बेतायला घेतलं. पांढऱ्या खडूने मुंढा, म्हणजे बाही जोडायची ती गोलाई, आखला – चांगला मोठा, खोल, म्हणजे पोरीला हात मोकळा हलवता येईल. तेवढ्यात तिचा फोन, "बाबा, यल्ला, चल लवकर, न्यायला ये ना!" कुलूप लावून गेलो. वीस-पंचवीस मिनिटांत दोघं परत.

कापडावर दुसरी रेघ होती.

माझ्या रेघेपेक्षा दोन बोटं वर, काखेच्या अगदी जवळून वळलेली. एका झटक्यात ओढलेली, कुठेही न अडखळता. खडूची वाटेना. वाकून वास घेतला... साबण. अण्णांनी खडू कधी वापरला नाही. अंघोळीच्या साबणाची झिजलेली पातळ वडी वाळवून तिनेच आखायचे; इस्त्री फिरली की खूण जाते म्हणून. आणि आमच्या घरात सगळा लिक्विड सोप. तरी दोन्ही बाथरूम, किचन, सगळं धुंडाळलं. वडी सोडा, तुकडासुद्धा नाही.

"हे तू ड्रॉ केलंस?" आर्याने विचारलं.

"नाही."

"मग कोणी?"

मी खुर्चीत बसलो. तेव्हा कुठे आठवलं, अण्णा नव्या कारागिराला काय ओरडायचे ते – "मुंढा मोठा केला म्हणून हात मोकळा होत नाही रे गाढवा! हात वर गेला की अख्खा कपडा वर चढतो!" मी स्वतः काजांच्या पुढे कधी शिकलोच नव्हतो. साबणाच्या रेघेवरून कात्री चालवली.

पुढच्या शुक्रवारी नुसता धावदोरा घालून गाउन तिच्या अंगावर चढवला. तिने दोन्ही हात सरळ वर केले. खालची कड जमिनीवरून तसूभरही हलली नाही.

तेव्हा तिला सगळं सांगितलं. आजोबा टेलर होते. मला लाज वाटायची. तुझा फ्रॉक मी त्यांना शिवू दिला नाही.

तिने काखेतली शिवण चाचपली. मग म्हणाली, "आय नो. त्यांनी माझं माप घेतलं होतं. तू ऑफिसला गेल्यावर. टेपने नाही, असं..." आणि अंगठा-करंगळी ताणून तिने स्वतःच्या खांद्यावर वीत धरून दाखवली. "बाबाला सांगू नकोस म्हणाले."

"आणि तू सांगितलं नाहीस?"

"प्रॉमिस केलं होतं ना."

नऊ वर्षं!

रेघ कापताना अर्धी गेली, उरलेली इस्त्रीखाली. फोटो काढायचं सुचलंच नाही. मंजिरी म्हणते, तूच नकळत आखली असशील. असेल. साबण कुठून आला, ते तिलाही सांगता येत नाही. आणि मला छळतं ते वेगळंच. अण्णांनी वितीने माप घेतलं ते पाच वर्षांच्या पोरीचं. रेघ बसली ती चौदाच्या मुलीला.