नंबरला लावलेली घागर

ऑफिसातल्या कॉम्प्युटरांवर पाळत ठेवायची अक्कल माझी नव्हे, व्यंकटराव सरांची. लातुरात तेव्हा गल्लोगल्ली क्लास निघत होते. सरांचा क्लास जोरात होता, तरी त्यांच्या डोक्यात एकच, पोरं अभ्यास करतात अन् ऑफिसवाले झोपा काढतात. मी नांदेडहून आलेला कॉम्प्युटरवाला. मला म्हणाले, "राघवेंद्र, कोण कधी लॉगिन करतो, कोण स्क्रीन लॉक करून चहाला पळतो, सगळं मला दिसलं पाहिजे." मी म्हटलं, सर, झाकली मूठ सव्वा लाखाची, राहू द्या. ऐकतात कुठले!

नोंदी पाहिल्या आणि माझंच डोकं चक्रावलं. रोज सकाळी सगळ्या मशीनवर एकापाठोपाठ एक लॉगिन व्हायचं आणि लगेच स्क्रीन लॉक. मग जो जसा येईल तसं ज्याचं त्याचं लॉक उघडायचं. सृष्टीचं सगळ्यात उशिरा. पोरगी चाकूरहून एसटीनं यायची, घरी तान्हं लेकरू. आता एकदा जरी उशीर झाला तरी घरी बसायचं, असं सरांनी तिला सगळ्यांदेखत बजावलेलं.

म्हणजे सगळ्यांचं लॉगिन कुणीतरी एकच माणूस करत होतं. कोण, हे सांगायला ज्योतिषी कशाला? ऑफिसची किल्ली तारामतीबाईंकडे. औशाकडची बाई. भूकंपात घर गेलं, आई गेली, कोवळ्या वयातच पत्र्याच्या शेडात संसार सांभाळला. तोंडानं फटकळ, मला तर दिवसातून एकदा तरी गप्प बसवायची. पण चौकशीच्या खिडकीशी आलेलं गावाकडचं पोरगं घाबरलेलं दिसलं, की आधी पाणी द्यायची आणि मग नाव विचारायची.

नोंदी मी सरांना दाखवल्या, तर दुसऱ्या दिवशी ते सकाळीच ऑफिसात आले आणि कपाटापाशी उभे राहिले. "बाई, हे तुमचं काम का?"

"मला काय कळतंय त्यातलं? ह्या नांदेडवाल्याच्या मशीनलाच भूत लागलं असंल."

अस्सा राग आला मला! तोंड उघडणार, तेवढ्यात दार ढकलून सृष्टी आत. धापा टाकत होती, कपाटाआडचे सर तिला दिसलेच नाहीत.

"ताई, माझी घागर लावली का?"

मला काही कळेना. सरांचा चेहरा मात्र एकदम बदलला. तारामतीबाईंनी कपाळाला हात लावला आणि माझ्याकडं वळल्या. म्हणाल्या, "आता काय झाकून राहिलंय? शेडात टँकर यायचा बाबा. जी आधी उठंल ती समद्यांच्या घागरी नंबरला लावायची. कोण आजारी, कोण बाळंतीण. पाणी ज्याचं त्यानंच भरायचं. मी बी दुसऱ्याचं काम करत न्हाई. निस्ती घागर लावते."

"मला नका शिकवू," सर ओरडले. "मीही शेडातच वाढलो. आमची घागर नाही लावली कुणी! बाप ढिगाऱ्याखाली गेला, माय पाय मोडून पडलेली. मी तिचं आवरून पळत जायचो, तोवर टँकर रिकामा. सृष्टी, तू उद्यापासून येऊ नकोस."

हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. सृष्टी पदर तोंडाला लावून रडायला लागली. मला वाटलं, आता तारामतीबाई सरांची खरडपट्टी काढणार. पण त्यांचा आवाज इतका मऊ मी कधी ऐकला नव्हता.

"लहान हुता का हो तुमी?"

"सातवीत."

"मग सांगायचं न्हाई का कुणाला? लावली असती की."

सरांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा पुसला. मी उगाच कीबोर्डकडं बघत राहिलो.

"राघवेंद्र," शेवटी ते म्हणाले, "सगळ्यांचे पासवर्ड बदला. एकाचा दुसऱ्याला कळता कामा नये."

"हो सर."

दारापर्यंत गेले आणि सृष्टीकडं वळून थांबले.

"आणि हिची यायची वेळ चाकूरच्या बसप्रमाणे लावा."