मामांचं अडकलेलं विमान आणि माझा प्रोसेसर

मंडळी, चूक आपली आहे हे कळत असूनही तोंडातून आधी खोटंच का बाहेर पडतं?

सैन्यातून निवृत्त झालेल्या माझ्या तासगावच्या मामांना कॉम्प्युटरवर विमानाचा गेम खेळायचा होता. घरात पदवीधर मी एकटीच, म्हणून कॉम्प्युटरचे भाग निवडायचं काम माझ्याकडे आलं. मी सगळ्यात वेगवान प्रोसेसर घेतला. त्यात पैसे संपले, म्हणून मेमरी कमी घेतली आणि गेमची चित्रं पळवणारं ग्राफिक्स कार्ड घेतलंच नाही.

आज सकाळी मामींनी कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. गल्ली जमली. मामांचं विमान उडालं आणि गचके खात आभाळातच थांबलं.

"पेट्रोल संपलं का काय ह्येचं?" शेजारचे तात्या हसले.

माझी निवड चुकल्याचं मला तेव्हाच उमगलं. तरी मी म्हणाले, "मामा, व्होल्टेज कमी हाय."

मामांनी लगेच समोरच्या घरातल्या वायरमनला गाठलं. "गड्या, तुझ्या लाइटीनं माझं इमान अडकलं की रं! आमची पोरगी शिकल्याली हाय, ती खोटं बोलंल व्हय?"

तो बिचारा जेवता जेवता उठला आणि भर उन्हात खांबावर चढला.

मला राहवलं नाही. सगळ्यांसमोर ओरडले, "दादा, खाली या! लाईट चांगली हाय. माझंच चुकलंय."

दुपारच्या एसटीने मी प्रोसेसर घेऊन सांगलीच्या दुकानात गेले आणि दुकानदाराला म्हणाले, "मला यातलं कळत नाही. हा परत घ्या आणि गेम नीट चालेल असं तुम्हीच जुळवून द्या."