गोधडीच्या पोटात

मी रागीट आहे, हे अख्ख्या मंचरला ठाऊक आहे. भाजीवाल्याशी भांडते, रिक्षावाल्याशी भांडते. पण थोरल्या बहिणीशी जन्मात कधी भांडले नव्हते. ताई म्हणेल ती पूर्व दिशा.

आई गेली तेव्हा तिची चार लुगडी उरली. आमच्याकडे आईच्या लुगड्यांची गोधडी लेकीला जाते, आणि पुढं त्या लेकीला नातवंड झालं की ते आधी त्याच गोधडीवर निजवतात. नेसून नेसून सुती लुगडं इतकं मऊ झालेलं असतं की बाळाच्या अंगाला टोचत नाही. दोन लुगडी ताईची, दोन माझी, असं ठरलं. माझा टाका म्हणजे शेळी चालल्यासारखा. ताई म्हणाली, "तू नगं शिवू, मी देते शिवून. हिरवं वरखाली लावते, अंजिरी पोटात घालते." पोट म्हणजे गोधडीतला आतला थर. दोन्ही लुगडी मी स्वतः आणे गावी तिच्या घरी पोचवली, वर नारळ दिला. मूर्ख कुठली!

महिन्याभरात गोधडी आली. हिरवीगार, टाके बारीक, एका रेषेत. दोन हिवाळे पांघरली. उन्हात घालायचे, पण पाण्यात घालायला मन होत नव्हतं. आईचा हात लागलेलं धुऊन जाईल, असं वाटायचं.

यंदा लेक बाळंतपणाला आली. आठवा महिना लागला, आता गोधडी धुवायलाच हवी होती. कालव्यावर नेली, साबण लावला, पायानं तुडवायला लागले आणि पाणी लाल झालं. आधी वाटलं, पाय कापला. पाय धड होता. पुन्हा तुडवली, पुन्हा लाल. शेजारी धुणं धुणारी बाई म्हणाली, "नव्या कापडाची हाय व्हय? लई रंग सोडती."

नव्या कापडाची? इतकी वर्षं धुतलेल्या लुगड्याला कसला रंग सुटतोय! तिथंच काठावर बसून दातानं दोरा तोडला. आत मांडवाचं कापड होतं, लालभडक, चुण्यांच्या खुणांसकट. ताईच्या मुलाचा मांडवाचा धंदा आहे. अंजिरी लुगड्याचं सूतसुद्धा आत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आळेफाट्यावर एसटी बदलून आणे गाठलं. गोधडी पिशवीत तशीच ओली. ताईच्या पुढ्यात टाकली आणि विचारलं, "यात आई कुठंय?"

तिनं लपवलंसुद्धा नाही. शहरातली एक बाई तिच्याकडून गोधड्या न्यायची. तिला खरं जुनं, वापरलेलं सूत हवं होतं. माझं अंजिरी लुगडं त्या बाईच्या गोधडीत गेलं. ताईची स्वतःची दोन मात्र पेटीत घडी घालून होती.

"माझी द्यायला जीव झाला न्हाई गं," ती म्हणाली.

"आणि माझं द्यायला झाला?"

"तुला कळलं व्हतं का? दोन हिवाळं सुखानं निजलीस ना तिच्यात? मग!"

निजले होते. सांगायला लाज वाटते, पण त्या मांडवाच्या चिंध्या गालाशी धरून मी आईशी बोलले होते. हे ताईला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर रडू फुटलं असतं, आणि तिच्यापुढं मला रडायचं नव्हतं. "घे, माझ्यातलं एक घे," म्हणत ती पेटी उघडायला लागली. "जळो तुझी पेटी!" म्हटलं आणि गोधडी उचलून निघाले.

घरी लेकीनं समजूत घातली. वरचं हिरवं तर आजीचंच आहे, ते उसवू, त्याचं दुपटं करू, म्हणाली. तिनं कात्री घेतली, कड उसवली आणि हिरवा तुकडा माझ्या मांडीवर ठेवला. मी त्यावर हात फिरवला. काठ उलटून पाहिला. पुन्हा हात फिरवला.

"आई, आजीचंच आहे ना?" तिनं विचारलं.

मला सांगता येईना.